निळा पंप, पांढरी गोळी

बंधूला काही समजावायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं आहे, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि मग स्वतःच दुरुस्ती करायची, "भिंत निदान उलटून बोलत नाही."

बंधू तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली होती तरी ताईच्या तोंडी तो अजून 'अरे गधड्या' होता. आईवडिलांमागे दोघांच्या वाट्याला खाली एक बेकरी आणि वर तीन खोल्या आल्या. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारायचं धाडस गल्लीत आता कुणी करत नव्हतं. पहाटेपासून तो मागे भट्टीपाशी, ती पुढे काउंटरवर. पाव, बिस्किटं, केक तो करायचा, आणि त्याने केलेलं ती विकायची. मधल्या दारातून दिवसभर भांडण चालायचं. गिऱ्हाइकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी शांतता असली तर लोक विचारायचे, "काय हो, बरं आहे ना सगळं?"

बंधूला दमा होता. लहानपणापासूनचा नव्हे, नंतर जडलेला. सारा जन्म पिठात गेल्यावर एके वर्षी पीठ चाळताना खोकल्याची उबळ यायला लागली, मग छातीत शिट्टी वाजायला लागली, आणि मग दोन जिने चढून वर आलं की पायरीवरच बसायची पाळी. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, पिठाची धूळच बाधते आहे. दोन पंप दिले होते. निळा पंप श्वास अडला तर लगेच घ्यायचा; आवळलेल्या श्वासनळ्या तो सैल करतो. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. नळ्यांना आतून आलेली सूज तो हळूहळू उतरवतो. शिवाय एक प्लास्टिकचं जाड नळकांडं दिलं होतं, त्याला स्पेसर म्हणतात. त्याच्या एका टोकाला पंप लावायचा आणि दुसऱ्या टोकातून सावकाश श्वास घ्यायचा, म्हणजे औषध तोंडातच न राहता छातीत उतरतं.

बंधूने निळ्या पंपाशी लग्नच लावलं. तपकिरी पंप मात्र त्याच्या मनातून पहिल्या आठवड्यातच उतरला.

"त्याने काही होतच नाही," तो म्हणायचा.

"लगेच काही होणारच नाही. सूज उतरायला वेळ लागतो, असं बाईंनी सांगितलं ना?"

"रोज घेतलं की सवय लागते, ताई. शरीराला एकदा औषधाची सवय लावली की सुटका नाही."

असं म्हणता म्हणता तो एप्रनच्या खिशातून निळा पंप काढून तोंडात फुसकन मारायचा. पीठ चाळायच्या आधी एकदा, चाळून झाल्यावर एकदा, भट्टी उघडताना एकदा, जिना चढायच्या आधी एकदा, चढल्यावर बक्षीस म्हणून आणखी एकदा. ताईचं डोकं भणभणायचं. हा माणूस दिवसभर ज्याचे झुरके घेत हिंडतो त्याची म्हणे सवय नाही, आणि ज्याला हात लावत नाही त्याची मात्र सवय लागते! हे तिने त्याला ऐकवलं नव्हतं असं नाही. चहा देताना, हिशेब करताना, टोमणा मारून, हात जोडून, सगळ्या तऱ्हांनी ऐकवून झालं होतं. एकदा तर तिने तपकिरी पंप त्याच्या चहाच्या कपात उभा करून ठेवला. बंधूने शांतपणे पंप उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा कप घेतला.

मग तिने दुसरा उपाय केला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला बजावून ठेवलं, की माझा भाऊ निळा पंप मागायला आला तर मला कळवा. दुकानदार सज्जन, त्याने कबूल केलं. पण बंधू तिथे फिरकलाच नाही, आणि ताईला वाटलं, चला, कमी झालं बुवा. पुढे एकदा खमिराच्या डब्यामागे तिला एक रिकामा पंप सापडला. भट्टीच्या हातमोज्यात दुसरा. तिसरा तर चक्क जुन्या वजनकाट्याच्या पोटात. हा गृहस्थ पार बस स्टँडपर्यंत जाऊन वेगवेगळ्या दुकानांतून पंप आणत होता.

"चोरून दारू पिणारे ऐकले होते," ताई ते रिकामे पंप त्याच्या पुढ्यात आपटत म्हणाली. "चोरून औषध घेणारा तूच पहिला!"

"औषधच आहे ना? मग बिघडलं काय?"

ताईने कपाळावर हात मारला आणि ती काउंटरवर जाऊन बसली.

त्याच सुमारास बंधूचा हात थरथरायला लागला.

आता हे ताईला लगेच कळलं नाही, कारण बंधूने ते शिताफीने लपवलं. बंधूचा हात म्हणजे बेकरीचं वैभव होतं. पाव काय, बरेच जण करतात. पण केकवर क्रीमने अक्षरं काढावीत तर बंधूनेच. त्याने कागदी कोन हातात धरला की नाव असं उतरायचं, जसं काही ते आधीपासूनच केकवर होतं आणि याने फक्त वरची पूड फुंकली. लोक लांबून यायचे. आणि हाच हात आता कोन धरला की पानासारखा हलायचा. छातीही धडधडायची, झोप उडाली होती, पायात गोळे यायचे. बंधूने मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला कंपवाताचा आजार झाला. आता हात गेला, मग काम गेलं, मग आपण पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून ताईची बोलणी खाणार. ही शेवटची कल्पना त्याला आजाराहून भयंकर वाटत असावी.

ताईला पहिली शंका आली ती एका वाढदिवसाच्या केकमुळे. अक्षरं अशी वेडीवाकडी, जणू मुंगी शाईत पडून केकवरून घरी गेली. केक न्यायला आलेल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मग कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, घरातल्या मुलाने काढलंय वाटतं? छान आहे हो!"

"घरातल्या मुलानेच," ताई दात आवळून म्हणाली.

आत जाऊन तिने विचारलं तर बंधू म्हणाला, क्रीम पातळ झालं होतं. पुढच्या वेळी म्हणाला, कोनाचं टोक फाटलं. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, तूच मागून हाक मारलीस म्हणून दचकलो. ताईला वाटलं, वय झालं, चष्मा बदलायला हवा. तिने डोळ्यांच्या डॉक्टरचा धोशा लावला. अशा रीतीने दोघंही दोन वेगळ्याच आजारांची काळजी करत बसली आणि खरं कारण एप्रनच्या खिशात निळंशार बसून राहिलं.

बेकरीसमोर, रस्त्यापलीकडे एक सलून होतं. सलूनवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे. माणूस लोण्यासारखा मऊ, पण हातात वस्तरा आला की दगडासारखा स्थिर. गिऱ्हाईक खुर्चीत झोपून घोरायला लागलं तरी हा गळ्याखालून वस्तरा फिरवत असायचा. बंधू दर दोन दिवसांनी त्याच्याकडे दाढीला जायचा. दाढीहून गप्पांना जास्त. ताईपासून लपवलेलं दुखणं त्याने तिथे खुर्चीत मान मागे टाकून सांगितलं.

उस्ताद खो खो हसला. "एवढंच ना? अरे, माझा हात बघितला असतास तर! आमच्या घराण्यातच आहे हे. वडिलांचा हात हलायचा, आजोबांचा हलायचा. डॉक्टरने मला गोळी दिली, झालं. एक गोळी घेतली की हात कसा, खिळा ठोकल्यासारखा!" आणि त्याने कपाटातून छोट्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी काढून बंधूच्या हातावर ठेवली. "घे. मित्र म्हणून देतोय."

त्यात उस्तादाचं मन स्वच्छ होतं. त्याला ती गोळी मानवली होती, मग मित्राला का मानवू नये? आणि बंधू दिवसभर कुठला पंप ओढत असतो हे त्याला ठाऊक असलं तरी हात कापण्याशी त्याचा संबंध जोडायचं त्याला सुचलंच नाही. तो जिला सुचला असता तिला दोघांनीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. दोन मजली केक, आणि वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी सबंध चार ओळींचा मजकूर. बंधूने आदल्या संध्याकाळी एक गोळी घेऊन पाहिली. हात शांत झाला. छाती जराशी जड वाटली, पण ती आज पीठ जास्त चाळलं म्हणून असेल, असं त्याने ठरवलं. सकाळी त्याने चहाबरोबर दोन गोळ्या घेतल्या. काम मोठं, म्हणून गोळ्या दोन.

ताई साडी सारखी करत मागच्या खोलीत डोकावली तेव्हा मजकूर लिहून झाला होता. ती बघतच राहिली. चारही ओळी एका रेषेत, वेलांट्या कशा डौलदार, पूर्णविरामसुद्धा मोत्यासारखा.

"आला की रे हात परत!" ती म्हणाली. कौतुक करायची तिला सवय नव्हती, म्हणून लगेच पुढे जोडलं, "मी म्हणत होते ना, क्रीम घट्ट ठेवत जा."

बंधू हसला, पण बोलला नाही. ताईला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. बंधू आणि उलट उत्तर नाही? पण बाहेर गिऱ्हाईक होतं, ती गेली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की मागून मिक्सरचा आवाज येत नाही. भांडी नाहीत, खोकला नाही. तिने हाक मारली. उत्तर नाही. "आता काय रुसलास?" म्हणत ती आत गेली.

बंधू पिठाच्या पोत्यावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, मान पुढे. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळीत खड्डा पडत होता. ओठ निळसर पडले होते. त्याच्या हातात निळा पंप होता आणि तो एकामागून एक फवारे मारत होता. त्यातले अर्धे धुरासारखे तोंडातून परत बाहेर येत होते.

"बंधू! काय होतंय?"

"पंप..." तो म्हणाला. मग एक श्वास. "लागत..." मग आणखी एक. "नाही."

तीन शब्दांना तीन श्वास. ताईची बडबड एकदम थांबली. असं आयुष्यात क्वचितच झालं होतं. त्याला आडवं करावं असं तिला वाटलं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं आठवलं, अशा वेळी बसवूनच ठेवायचं. तिने एप्रनची गाठ सोडली, शर्टाचं बटण काढलं. मग ते नळकांडं! ते कुठे होतं? फडताळात, हाताला लागलं. उचललं तर आतून खुळखुळ आवाज. बंधूने त्यात क्रीमची नोझलं भरून ठेवली होती. पितळी, स्टीलची, फुलांची, पानांची.

"अरे देवा!" ताई ओरडली. "औषधाच्या नळीत तू चमचेकाटे ठेवतोस?"

तिने सगळं ओट्यावर उपडं केलं, नळकांडं नळाखाली धुतलं, आत काही अडकलं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, पंप हलवून त्याला लावला आणि बंधूच्या तोंडाशी धरलं. एक फवारा. "घे. हळू. घाई करू नकोस. आणखी घे." मग दुसरा. मग तिसरा. एरवी एवढ्याने त्याचा श्वास मोकळा व्हायचा. आज काही फरक पडेना.

ती दारात आली आणि रस्त्यापलीकडे पाहून अशी काही हाक मारली की सलूनच्या काचा थरथरल्या असतील. उस्ताद वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. त्याच्यामागे गळ्याला पांढरा टॉवेल, एका गालाला फेस आणि दुसरा गाल गुळगुळीत, अशा अवस्थेत त्याचं गिऱ्हाईक. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते गिऱ्हाईक देवासारखं म्हणालं, "माझी गाडी इथेच उभी आहे, चला."

तर अशी ती वरात निघाली. अर्ध्या दाढीचा माणूस गाडी चालवतोय, शेजारी उस्ताद, मागे बंधूला सरळ धरून ताई. रुग्णालय फार लांब नव्हतं, पण ताईला तो रस्ता संपता संपेना. ती सारखी म्हणत होती, "श्वास घे. मला बघ. श्वास घे," आणि उस्ताद पुढे मान खाली घालून बसला होता. त्याचा चेहरा पिठाहून पांढरा पडला होता. ताईला वाटलं, घाबरलाय बिचारा.

तातडीच्या विभागात बंधूला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं, तोंडावर मास्क लावला, त्यातून औषधाची वाफ सुरू झाली. नशिबाने त्यांच्या डॉक्टरीणबाईच तिथे होत्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला.

"आता घरघर ऐकू येत नाहीये," ताई आशेने म्हणाली. "म्हणजे बरं वाटतंय ना त्याला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हवाच आत जात नाहीये, मग आवाज कुठून येणार?"

बाई बंधूकडे वाकल्या. "निळ्या पंपाशिवाय आणखी काही घेतलंत? कुठलीही गोळी, काढा, काहीही?"

बंधूने मास्कमागून ताईकडे पाहिलं. आणि मान हलवली. नाही.

"नीट आठवा. एवढं औषध देऊनही नळ्या उघडत नाहीयेत. याला काहीतरी कारण असणार."

बंधूने पुन्हा मान हलवली. श्वास घ्यायचं त्राण नव्हतं, पण खोटं बोलायला होतं!

"मी दिली," दाराशी उभा असलेला उस्ताद म्हणाला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. त्याने खिशातून तसल्याच गोळ्यांची पट्टी काढली. "हात कापतो म्हणाला. माझी गोळी दिली मी, बाई. हात थांबायची."

बाईंनी पट्टी हिसकावून नाव वाचलं, आणि पुढच्या क्षणी त्या ताईला ओळखू येईनात, इतक्या भराभरा बोलायला लागल्या. नर्सला वेगळं औषध वाफेत घालायला सांगितलं, हाताला सलाईन, त्यातून इंजेक्शन, वर ऑक्सिजन. ताईला खांद्याला धरून कुणीतरी बाहेर नेलं.

बाहेरच्या बाकावर ती, उस्ताद आणि तो अर्ध्या दाढीचा माणूस असे तिघं बसले. फेस आता वाळून त्याच्या गालावर चुन्यासारखा तडकला होता. त्याला जा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, आणि त्यालाही जाववेना.

"उस्ताद," ताई म्हणाली, "तुम्ही केस कापता की दवाखाना चालवता?"

"ताई, माझं चुकलं."

"चुकलंच! आणि त्याचं दुप्पट चुकलं. तुम्ही निदान तोंड उघडलंत." तिने आतल्या दाराकडे हात केला. "तो बघा, मरायला टेकलाय आणि मान हलवतोय. नाही म्हणे! असला कसला हट्टी माणूस? काय करू मी याचं?"

उस्ताद रडायला लागला. ताईला त्याचाही राग आला, कारण रडायची पाळी तिची होती.

दुपार कलली तेव्हा बाई बाहेर आल्या. धोका टळला होता. त्यांनी ताईला समजावून सांगितलं. ती पांढरी गोळी हृदयाचा वेग कमी करते, हाताचा कंप थांबवते, उस्तादांना ती योग्यच आहे, त्यांनी ती मनाने बंद करू नये. पण दमा असलेल्याच्या नळ्या तीच गोळी आवळून टाकू शकते. आणि निळ्या पंपातलं औषध ज्या दारातून आत शिरतं तेच दार ती अडवून बसते. म्हणून एवढे फवारे मारूनही काही उपयोग झाला नाही.

"पण बाई, त्याचा हात कशाने कापत होता? कंपवात आहे का?"

"कसला कंपवात! निळा पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त घेतला की हात थरथरतो, छाती धडधडते, झोप जाते. पंपाने आणलेला कंप, तो घालवायला गोळी, आणि गोळीने पंपच निकामी." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तपकिरी पंप रोज घेतला असता तर निळा आठवड्यात एखाद्या वेळीसुद्धा लागला नसता. तो सारखा लागायला लागला, म्हणजे दमा काबूत नाही. तेव्हाच माझ्याकडे यायचं होतं."

"मला काय सांगता?" ताई म्हणाली. "त्या गधड्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी गधडा उशीला टेकून बसला होता. आवाज बसला होता, डोळे खोल गेले होते, पण पूर्ण वाक्य बोलू शकत होता. ताईने रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि तिने सुरुवात केली, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"हात कापतो म्हणून! रस्त्यापलीकडे जाऊन सांगता येतं, आणि मधल्या दारातून सांगता येत नाही?"

बंधू चादरीच्या काठाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तू काय म्हणाली असतीस?"

"काय म्हणाले असते?"

"'सांगितलं होतं ना.'"

"मग सांगितलं नव्हतं का? शंभरदा सांगितलं होतं!"

"बघ."

ताईचं सगळं भाषण त्या एका शब्दावर अडखळून पडलं. तिला चीड आली, कारण तो चूक होता, पूर्ण चूक होता, आणि तरी त्या एका गोष्टीत बरोबर होता.

"हात गेला असता तर मी कशाच्या कामाचा राहिलो असतो, ताई?" तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तुझी बोलणी मी भट्टीपाशी उभा राहून ऐकू शकतो. रिकामा बसून नाही ऐकवणार मला."

तिने सफरचंद सोलायला घेतलं. "आणि गेला असतास तर मी बोलले कुणाला असते?" ती सफरचंदालाच म्हणाली. "याचा विचार नाही केलास ना?"

बंधूने फोड घेतली. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

घरी जायच्या आधी बाईंनी त्याला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. बंधूने आत्मविश्वासाने पंप तोंडासमोर धरला आणि डासांवर फवारा मारावा तसा दातांवर मारला. बाईंनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं याच्या छातीत औषध गेलंच किती, आणि जिभेवर किती! मग त्यांनी त्याच्याकडून पहिल्यापासून गिरवून घेतलं. आधी हलव. श्वास पूर्ण बाहेर सोड. ओठ घट्ट मिट. दाबल्याबरोबर सावकाश आत ओढ. आता थांब, श्वास रोखून धर. मग सोड. तपकिरी पंप घेतल्यावर चूळ भर, नाहीतर तोंड येतं. नळकांडं धुऊन ठेव, आणि त्यात नोझलं ठेवायची नाहीत. हे शेवटचं ताईने मुद्दाम बाईंकडून वदवून घेतलं. आणि निळा पंप नेहमीसारखा लागला नाही, बोलता येईना, तर घरी फवारे मारत बसायचं नाही, तडक इथे यायचं. दुसऱ्याची गोळी तर डोकेदुखीचीसुद्धा घ्यायची नाही.

"आणि पीठ?" ताईने विचारलं.

"पिठापासून लांब राहता आलं तर उत्तम."

बंधूने असा चेहरा केला जणू त्याला देशाबाहेर काढलं. शेवटी झाकणाचा मिक्सर आला, धूळ ओढून घेणारा पंखा बसला, नाकातोंडावर चांगला मास्क आला, आणि चाळणं, ओतणं, पोती उघडणं ही कामं ताईने घेतली. तेवढा वेळ बंधू काउंटरवर.

तपकिरी पंप लागू पडला, पण वेळ लावून. पहिले काही दिवस बंधू रोज विचारायचा, "अजून कसं काही होत नाही?" आणि ताई जीभ चावून गप्प बसायची. ते तिने आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम होतं. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आपण जिना चढून आलो आणि पायरीवर बसलो नाही. निळा पंप खिशात असायचा, पण खिशातच. हात हळूहळू ठिकाणावर आला.

आता तरी ताईला सुख लागावं की नाही? पण नाही. बंधूला एखादी गोष्ट पटली की ती जगाला पटवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पहाटे अंधारातच तो तपकिरी पंप घ्यायचा आणि मग अशा काही गुळण्या करायचा की शेजारची खिडकी उघडायची. ताई उशीत डोकं खुपसून पडायची. इतकी वर्षं आपणच यासाठी त्याच्या मागे लागलो होतो, तेव्हा आता तक्रार तरी कुणाकडे करणार?

आणि काउंटरवर तर कहर. कुणी नुसतं खोकलं तरी हा पाव बाजूला ठेवून चौकशी सुरू करायचा.

त्या दिवशी तसंच झालं. ताई मास्क लावून पीठ ओतत होती. बाहेर रांग वाढत चाललेली आवाजावरून कळत होती, पण गल्ल्याचा खण वाजत नव्हता. ती भुवयांवरचं पीठ झटकत दारात आली. बंधूने एका म्हाताऱ्या आजोबांचा निळा पंप हातात घेतला होता.

"दिवसातून किती वेळा घेता आजोबा? खरं सांगा."

"लागेल तसा," आजोबा म्हणाले.

"हेच, हेच चुकतं! आणि दुसरा कुठे आहे, रोजचा?"

"तो नाही घेत. सवय लागते."

बंधूने दोन्ही हात डोक्याला लावले. "अहो, काय बोलता तुम्ही! इतकं साधं कसं कळत नाही लोकांना?" मग तो वळून ताईला म्हणाला, "बघितलंस, ताई? माणसं ऐकतच नाहीत!"

रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. ताईच्या तोंडात कितीतरी उत्तरं एकदम आली, आणि त्यांतलं कुठलं आधी काढावं हे तिला ठरवता येईना.

"आजोबा," शेवटी ती म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांना जाऊन भेटा, आजच. आणि गधड्या, तू तो पंप त्यांना परत दे आणि त्या बाईंना आधी पाव दे. केव्हाच्या उभ्या आहेत."